ऑग्डेनसाहेबांचा खरा आवाज

यशवंतराव दाबके पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, पण कुणी विचारलं की सांगायचे, मी प्रॉम्प्टर. नोकरी दिवसा, ती पोटासाठी. संध्याकाळी पुण्यातल्या एका नाटक कंपनीत ते विंगेतल्या स्टुलावर बसत, मांडीवर नाटकाचं पुस्तक उघडं ठेवत, आणि नट वाक्य विसरला की पुढचा शब्द त्याच्याकडे सोडत. शब्द नटाच्या कानाशी पोचला पाहिजे आणि पहिल्या रांगेच्या अलीकडेच विरला पाहिजे. हे काम त्यांनी अठ्ठावीस वर्षं केलं. इतक्या वर्षांत एकाही प्रेक्षकाने त्यांना पाहिलं नाही, आणि याचा त्यांना कोण अभिमान होता.

त्यांचे नियम दोनच. पहिला, नट थांबलाय की अडकलाय हे ओळखायचं. थांबणं हा अभिनय असतो, अडकणं हा अपघात, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखी दिसतात. दुसरा नियम, कोण कुठे अडकला हे मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. या दुसऱ्या नियमावर प्रभाताईंचा फार राग. मोठमोठ्या नटांच्या गमती नवऱ्याच्या पोटात आणि बायकोला त्यातलं एक अक्षर नाही, हा कसला संसार, असं त्या चारचौघांत बोलून दाखवत. यशवंतराव तेव्हाही गप्पच बसत.

तर २०१४च्या एप्रिलमध्ये हे दोघे मुलाकडे जर्मनीत एर्लांगेनला आले. हृषिकेश तिथे स्कॅनिंगची मशीनं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, सून स्वरूपा सॉफ्टवेअरमध्ये. व्हिसा तीन महिन्यांचा. पहिला आठवडा सायकली मोजण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात हृषिकेशने वडिलांना समोर बसवून घराची हाउसओर्डनुंग समजावली. म्हणजे रविवारी ड्रिल चालवायचं नाही, बाटल्या टाकायच्या नाहीत, दुपारी एक ते तीन आवाज करायचा नाही. यशवंतराव म्हणाले, मी आयुष्यभर आवाज न करण्याचंच काम केलंय, मला काय शिकवतोस.

पण झालं उलटंच. त्यांच्या बाल्कनीच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, रोज सकाळी दहाला एक म्हातारा माणूस इंग्रजीत काहीतरी पाठ करायचा. आवाज बारीक, जरा नाकातला, पण शब्दन् शब्द स्वच्छ. आपल्या आयुष्याची हकिगत सांगत होता. सिनेमात काम करत असावा, कारण एका जागी तो म्हणे, "त्या सिनेमांमध्ये मी एकूण नऊ वेळा मेलो. सहा वेळा गोळी लागून, दोन वेळा जीप उलटून, आणि एकदा..." आणि तिथे गाडी थांबे. मग कागदांचा आवाज, एक सुस्कारा, राहिलेला शब्द कागदात बघून पुटपुटणं, आणि पुन्हा पहिल्यापासून.

यशवंतराव कपडे वाळत घालण्याच्या निमित्ताने बाल्कनीत उभे राहू लागले. घरात इतके कपडे नव्हते. प्रभाताईंनी एकदा तोच टॉवेल तिसऱ्यांदा वाळत पडलेला पाहिला आणि सोडून दिलं. पाच दिवस यशवंतरावांनी ऐकलं. पाच दिवसांत त्यांना पहिली सहा पानं पाठ झाली, कारण पाठ होण्याची त्यांच्या डोक्याला खोडच होती. सहाव्या दिवशी म्हातारा नवव्या मरणापाशी आला, "आणि एकदा" म्हणाला, आणि थांबला. यशवंतरावांचा तोंडावरचा ताबा सुटला. कठड्यावरून वाकून त्यांनी, न जोरात न हळू, नेमका तेवढाच शब्द सोडला.

"पुलासकट."

खाली कागदांची सळसळ थांबली. मग तोच आवाज पुढे चालू लागला, "आणि एकदा पुलासकट," आणि पुढची तीन पानं न अडता झाली. शेवटी खालून शांतपणे "थँक यू" आलं.

संध्याकाळी हृषिकेशला हे कळल्यावर त्याने कपाळाला हात लावला. बाबा, दुसऱ्याचं खासगी बोलणं चोरून ऐकणं इथे फार मोठी गोष्ट आहे, असं म्हणून त्याने डाटेनशुट्स नावाच्या कायद्यावर लहानसं व्याख्यान दिलं. यशवंतरावांचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी माफी मागायला ते चिवड्याचा डबा घेऊन खाली जायला निघाले, तर दारातच खालचा म्हातारा उभा. ऐंशीच्या पुढचा, उंच, पोक आलेला, अंगात तांब्याच्या मोठ्या बटणांचा जुना निळा कोट. हातात जाडजूड फाइल.

"काल शब्द देणारे आपणच का?" त्याने इंग्रजीत विचारलं.

यशवंतरावांनी मान खाली घालून हो म्हटलं आणि माफीचं वाक्य सुरू केलं. म्हातारा ऐकूनच घेईना. तो म्हणाला, एवढ्या वर्षांत इतका चोख शब्द मला कुणी दिला नाही, तुम्ही हे कुठे शिकलात?

असे एडविन ऑग्डेन भेटले.

ऑग्डेनसाहेबांचं आयुष्य त्या फाइलमध्ये चाळीस पानांत टाइप केलेलं होतं, आणि पुढच्या काही दिवसांत यशवंतरावांना ते चहाबरोबर तोंडीही मिळालं. माणूस इंग्लंडच्या उत्तरेतला, ओल्डमचा. वडील ट्रामचे कंडक्टर, आई सूतगिरणीत. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून समुद्रकाठच्या एका गावातल्या नाटक कंपनीत शिरला. तिथे दर सोमवारी नवं नाटक. या आठवड्याचं संध्याकाळी करायचं, पुढच्या आठवड्याचं सकाळी पाठ करायचं, आणि मागच्या आठवड्याचं विसरायचं. विसरता आलं नाही तर तीन नाटकांची खिचडी व्हायची. "विसरणं हा माझ्या शिक्षणाचाच भाग होता," साहेब म्हणायचे. "आता म्हातारपणी ते शिक्षण कामाला येतंय."

मग लंडन. राजाच्या मागे भाला धरून उभं राहायची कामं, खानसाम्याची कामं, एक निरोप आणून देणाऱ्याचं काम. मग सिनेमा, आणि सिनेमात जर्मन अधिकारी. उंच, गोरा, हाडकुळा चेहरा, त्यामुळे इंग्रजांनी युद्धाचा सिनेमा काढला की ऑग्डेनला गणवेश चढवायचे. अकरा सिनेमांत अकरा जर्मन अधिकारी, त्यातले नऊ मेले. १९६९ साली त्यातल्याच एका सिनेमासाठी कपडे सांभाळायला इर्मगार्ड नावाची मुलगी आली. ती खरीखुरी जर्मन, एर्लांगेनचीच. पहिल्याच दिवशी त्याच्या कोटाची बटणं लावताना तिने विचारलं, "आज तू कोण?"

तो छाती काढून म्हणाला, "मेजर फॉन अमुक."

ती म्हणाली, "मग नीट उभा राहा. म्हणजे असा ताठ नाही. माझे वडील शाळामास्तर होते, त्यांना धरून हा गणवेश घातला होता. ते पोक काढून उभे राहायचे."

त्या दिवशी ऑग्डेन पोक काढून उभा राहिला. सिनेमा पडला, पण त्या एका दमलेल्या मेजरबद्दल वर्तमानपत्रांत लिहून आलं, आणि त्यानंतर त्याला माणसांच्या भूमिका मिळू लागल्या. पुढे टेलिव्हिजनवर सात वर्षं तो एका खेडेगावातला फौजदार झाला आणि इंग्लंडभर ओळखीचा झाला. इर्मगार्डशी लग्न झालं. ती असेल त्या प्रत्येक कामाला, नाटक असो की सिनेमा, शेवटचं बटण लावताना ती तोच प्रश्न विचारायची. आज तू कोण? तो भूमिकेचं नाव सांगायचा. ती म्हणायची, मग नीट उभा राहा.

काम थांबल्यावर दोघे एर्लांगेनला राहायला आले, आणि इथे साहेबांची एक विचित्र पंचाईत झाली. जर्मनीत परदेशी सिनेमे आणि मालिका जर्मन आवाजात दाखवतात. त्या फौजदाराची मालिका इथेही लोकांनी सात वर्षं पाहिली होती, पण ऑग्डेनच्या चेहऱ्याला आवाज दिला होता म्युनिकच्या एका नटाने. तो आवाज भारदस्त, पिंपातून आल्यासारखा. बेकरीतल्या बाईंनी साहेबांना पहिल्या दिवशीच ओळखलं, टाळ्या वाजवल्या, आणि साहेबांनी तोंड उघडून दोन ब्रेटसेल मागितल्यावर बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, दिसता अगदी तसेच, पण आवाज तुमचा नाही.

साहेब हे हसत हसत सांगायचे. इर्मगार्डला मात्र ते लागलं होतं. माझ्या गावाला तुझा आवाज माहीत नाही, एकदा या लोकांसमोर उभा राहा आणि तुझ्या आवाजात बोल, असं ती दरवर्षी म्हणायची. साहेब म्हणायचे, करू. दोन वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर साहेबांनी चाळीस पानं लिहिली, चर्चच्या मागचा छोटा हॉल ठरवला, २२ जूनच्या रविवारी दुपारी तीनची वेळ घेतली. आणि मग लक्षात आलं की शब्द निसटायला लागलेत. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं होतं. थोडक्यात, पुढच्या वर्षी हे जमणार नव्हतं.

कागद हातात धरून वाचा की, असं यशवंतरावांनी सुचवून पाहिलं. साहेब म्हणाले, ऐंशी माणसांना कागद वाचून दाखवायला मी काय नगरपालिकेचा कारकून आहे? समोरचा माणूस पाटबंधारे खात्यातला आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. यशवंतरावांनी ते मनावर घेतलं नाही.

"तुम्ही मला शब्द द्याल का?" साहेबांनी विचारलं.

यशवंतराव नाही म्हणाले आणि वर निघून आले.

या नाहीमागे बारा वर्षांपूर्वीचा सांगलीचा एक प्रयोग होता. प्रतापराव म्हणून कंपनीचे मुख्य नट होते. तिसऱ्या अंकात मुलाच्या मरणाची बातमी बायकोला सांगण्याआधी ते थांबायचे. रोज मनातल्या मनात चार आकडे मोजून. त्या दिवशी चार झाले, सहा झाले, आठ झाले. प्रतापराव उभेच. यशवंतरावांना वाटलं, अडकले. त्यांनी शब्द दिला, आणि घाबरल्यामुळे तो जरा मोठ्याने गेला. पहिल्या तीन रांगांनी ऐकला. कुणीतरी हसलं, आणि हसू पसरत गेलं. प्रतापराव अडकले नव्हते. त्या दिवशी त्यांना काहीतरी गवसलं होतं आणि ते त्यात उभे होते. प्रयोगानंतर ते एक अक्षर बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसता चहा प्यायले आणि गाडीत जाऊन बसले. महिन्याभरात यशवंतरावांनी काम सोडलं, आणि वर्षाच्या आत प्रतापराव गेले. माफी मागायची राहूनच गेली.

ही गोष्ट प्रभाताईंना माहीत होती. दुसऱ्याची चूक ते सांगत नसत, पण ही त्यांची स्वतःची होती. त्या संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी प्रभाताईंनी मुलासमोरच विषय काढला.

"अहो, सांगलीचं ओझं किती वर्षं वाहणार? तो म्हातारा बायकोला दिलेला शब्द पाळायला धडपडतोय. तुम्ही काय इथे नुसते श्पार्गेल सोलत बसणार आहात?"

समोर खरोखरच पांढऱ्या शतावरीचा ढीग होता आणि यशवंतराव तो सोलत होते. स्वरूपा म्हणाली, बाबा, करा ना, मी जर्मनमध्ये गोषवारा लिहून देते, लोकांना आधी वाटता येईल. हृषिकेशने, जर्मन लोकांसारखं आधी आल्झो म्हणून, कायद्याच्या दृष्टीने हरकत नाही, असा निर्वाळा दिला. यशवंतरावांनी शतावरी सोलून संपवली आणि हात धुऊन खाली गेले.

मे महिना आणि जूनचे तीन आठवडे तालीम चालली. रोज सकाळी दहा ते बारा. गावात बेर्गची जत्रा भरली, अख्खं गाव टेकडीवर जाऊन बिअर प्यायलं, फुटबॉलच्या वर्ल्डकपमुळे गाड्यांवर झेंडे लागले, पण या दोघांना त्याचं काही नव्हतं. यशवंतराव पानांकडे पाहतच नसत, पानं त्यांना पाठ होती. ते साहेबांकडे पाहत. श्वास कुठे घेतात, डोळे कुठे जातात, हात काय करतात. इंग्रजी भाषा साहेबांची, पण अडकलेल्या नटाचा श्वास मराठीत आणि इंग्रजीत सारखाच असतो, हे त्यांना दोन दिवसांत कळलं. साहेब अडकले की उजव्या हाताची बोटं हवेत उघडायची, काहीतरी पकडू पाहिल्यासारखी. आणि मुद्दाम थांबले की हात कोटाच्या तिसऱ्या बटणावर जायचा. ते बटण इर्मगार्डने शिवलेलं. बोटं उघडली की शब्द द्यायचा, बटण धरलं की गप्प राहायचं. यशवंतरावांनी हे साहेबांना सांगितलं नाही. नटाला आपल्या हाताची गोष्ट कळली की हात नाटकी होतो.

शेवटचं पान इर्मगार्डच्या शेवटच्या दिवसाचं होतं. हॉस्पिटलमधली दुपार. ती कुणाला ओळखेनाशी झालेली. साहेब जवळ बसले तर तिने त्यांच्या कोटाचं बटण चाचपलं आणि विचारलं, आज तू कोण? इथे साहेब थांबायचे, चार आकडे. मग म्हणायचे, "आज मीच." आणि ती म्हणाली होती, मग नीट उभा राहा. तिथे चाळीस पानं संपत.

बावीस तारखेला दुपारी दोनला यशवंतराव नारळ घेऊन हॉलवर पोचले. नारळ आशियाई दुकानातून आणलेला, केसाळ आणि म्हातारा. हॉलच्या मागच्या पायरीवर त्यांनी तो वाढवला. पाणी कमी निघालं, पण निघालं. चर्चचे देखभाल करणारे गृहस्थ झाडू घेऊन आले, त्यांना प्रभाताईंनी खोबऱ्याचा तुकडा दिला आणि प्रश्न मिटला. साहेबांनी आपला तुकडा खिशात ठेवला. कपड्यांच्या खोलीत, म्हणजे रविवारच्या शाळेच्या खोलीत, साहेब लहान मुलांच्या खुर्चीत गुडघे वर करून बसले होते. तिसऱ्या बटणाचा दोरा सैल झालेला प्रभाताईंना दिसला. त्यांनी पर्समधून सुई काढली आणि न विचारता दोन टाके घातले. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

हॉलला विंग नव्हती. डाव्या बाजूला घडीचा पडदा उभा केला होता आणि त्यामागे स्टूल. बारा वर्षांनी यशवंतराव पुन्हा स्टुलावर बसले आणि फाइल मांडीवर उघडली. त्यांना साहेबांची एक बाजू आणि उजवा हात दिसत होता. साहेबांनी मान जराशी वळवली तर त्यांना यशवंतराव दिसले असते, आणखी कुणालाही नाही. सत्तर-एक माणसं आली. बेकरीतल्या बाई पहिल्या रांगेत बसल्या.

साहेबांनी सुरुवात केली आणि त्या बारीक, नाकातल्या आवाजावर थोडी चुळबुळ झाली. लोक तो दुसरा आवाज शोधत होते. पण ट्रामच्या कंडक्टरपर्यंत येता येता चुळबुळ थांबली, दर सोमवारच्या नाटकांना लोक हसले, आणि नवव्या मरणाला साहेबांनी "पुलासकट" असं म्हटल्यावर बाईंनी गुडघ्यावर थाप मारली. यशवंतरावांनी चार ठिकाणी शब्द दिला. चारही शब्द साहेबांनी असे उचलले की ते कुठून आले हे पहिल्या रांगेलाही कळलं नाही. तासभर झाला. शेवटचं पान आलं.

साहेबांनी हॉस्पिटल सांगितलं. खिडकी सांगितली. तिने बटण चाचपलं ते सांगितलं. "तिने मला विचारलं," ते म्हणाले, "आज तू कोण?"

आणि थांबले.

एक, दोन, तीन, चार. पाच. सहा. यशवंतरावांची जीभ टाळूला लागली. सात, आठ. सांगली. नऊ. दुसऱ्या रांगेत स्वरूपा अर्धवट उठली, प्रभाताईंनी तिला पदराला धरावं तसं ओढणीला धरून खाली बसवलं. दहा, अकरा. हॉलमध्ये कुणी खोकेना. शब्द किती छोटा होता. सोडला असता तर पोचला असता. यशवंतरावांनी साहेबांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात तिसऱ्या बटणावर होता, घट्ट.

थांबलेत, ते स्वतःला म्हणाले. अडकले नाहीत, थांबलेत. यांना काहीतरी गवसलंय. आणि या वेळी आपल्या तोंडून चुकूनही शब्द जाऊ नये म्हणून त्यांनी मांडीवरची फाइल मिटली, चष्मा काढून तिच्यावर ठेवला आणि वर दोन्ही हात दाबून बसले. साहेबांची मान किंचित इकडे वळली आणि परत गेली. अठरा, एकोणीस, वीस.

"आज मीच," साहेब म्हणाले.

तालमीतल्यासारखं ते वाक्य मुळीच आलं नाही. कुणी दारातून आत येऊन आपलं नाव सांगावं, इतकं साधं आलं. मग ते म्हणाले, "ती म्हणाली, मग नीट उभा राहा." आणि ते ऐंशी वर्षांचं पोक, जमेल तेवढं, सरळ करून उभे राहिले.

 आधी बेकरीतल्या बाई उठल्या, आणि मग सगळे उठले. टाळ्या इतका वेळ चालल्या की यशवंतराव पडद्यामागे बसल्या बसल्या रडून, नाक पुसून, चष्मा लावून पुन्हा नीटनेटके झाले.

नंतर कॉफी आणि केक होता. साहेबांचे दोन्ही हात धरून बेकरीतल्या बाई उभ्या होत्या. त्या काय म्हणाल्या ते स्वरूपाने नंतर सांगितलं, की तो म्युनिकचा आवाज आता मला चालणार नाही, उद्या ब्रेटसेल घ्यायला याल तेव्हा याच आवाजात मागा. साहेबांनी मान डोलावली, आणि लोकांतून वाट काढत मुलांच्या खोलीत आले. तिथे यशवंतराव फाइल पिशवीत भरत होते. साहेबांनी दार लोटलं.

"तुम्हाला एक सांगायचंय," ते म्हणाले. "शेवटी शब्द गेला होता."

यशवंतरावांना आधी समजलंच नाही.

"पूर्ण गेला होता. ती विचारत होती, आज तू कोण, आणि मला उत्तर माहीत नव्हतं. पानावर काय लिहिलंय ते तर नाहीच, पण एरवीचंही नाही. बटण धरलं, कारण धरायला दुसरं काही नव्हतं. मग मी तुमच्याकडे पाहिलं. म्हटलं, आता शब्द येईल. तर तुम्ही पुस्तक मिटत होतात." साहेब लहान खुर्चीत बसले. "मी म्हटलं, दोन महिने हा माणूस माझ्या श्वासाकडे बघत बसलाय. तो पुस्तक मिटतोय म्हणजे मला येत असणार. मग जे खरं होतं ते बोललो. बोलल्यावर कळलं की लिहिलेलंही तेच होतं. तुमचे आभार कसे मानू?"

यशवंतरावांनी पिशवी खाली ठेवली. ते दुसऱ्या लहान खुर्चीत बसले. आता गप्प बसून आभार घेता आले असते, आणि दुसरा कुणी असता तर घेतलेही असते. पण हे खोटे आभार त्यांना पेलवेनात.

"साहेब, मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "बटण धरलेलं बघून मला वाटलं, तुम्ही मुद्दाम थांबलात. तुम्ही अडकलात हे कळलं असतं तर मी लगेच शब्द दिला असता. मी चुकलो. आयुष्यात दुसऱ्यांदा चुकलो."

आणि मग सांगलीचं सगळं त्यांनी साहेबांना सांगितलं. प्रतापराव, आठ आकडे, तीन रांगांचं हसणं, तो चहा. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग तिसऱ्या बटणाच्या नव्या दोऱ्यावरून बोट फिरवलं.

"तुम्ही शब्द दिला असतात," ते हळूहळू म्हणाले, "तर याही गावात, शेवटच्या वेळीही, माझ्या तोंडात दुसऱ्याचाच आवाज आला असता. चुकलात म्हणून मी वाचलो. एक गोष्ट तुमच्या प्रतापरावांना द्यायची राहिली असेल, पण मला तुम्ही ती पुरेपूर दिलीत."

"काय दिलं?"

"भरवसा," साहेब म्हणाले, आणि खिशातला खोबऱ्याचा तुकडा काढून अर्धा मोडून त्यांच्या हातावर ठेवला.

दोघे लहान मुलांच्या खुर्च्यांत बसून खोबरं चावत राहिले. जुनं खोबरं, वेळ लागत होता. यशवंतरावांना वाटलं, प्रतापराव इथे असते तर आज त्यांची माफी मागता आली असती, आणि कदाचित प्रतापरावांनी चहाचा कप पुढे केला असता. त्यांनी मनातल्या मनात प्रतापरावांना नमस्कार केला. त्या चुकीने ते बारा वर्षं पोळले होते, आणि त्याच चुकीने आज त्यांचं तोंड बंद ठेवलं होतं. तिचे उपकार मानावे असा दिवस येईल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

सहा वाजता मंडळी निघाली. हृषिकेश आणि स्वरूपा सायकलींवर पुढे गेले, म्हातारा-म्हातारी बसस्टॉपवर उभी राहिली. दहा दिवसांनी परतीचं विमान होतं. प्रभाताईंनी बसचं वेळापत्रक वाचून पाहिलं. मग म्हणाल्या, "अहो, एक विचारू? शेवटी ते विसरले होते ना?"

यशवंतरावांनी रस्त्याकडे पाहिलं. पिशवीतली फाइल त्यांनी छातीशी नीट धरली.

"छे," ते म्हणाले. "थांबले होते."

"मग तुमचे डोळे का लाल?"

यशवंतरावांनी चष्मा पुसायला काढला. प्रभाताईंनी त्यांच्या कोटाच्या बाहीला चिकटलेला खोबऱ्याचा कीस झटकला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच पुढे काही विचारलं नाही. मग बस आली.